पहिली आवृत्ती कुणाच्या कपाटात?

गेल्या वर्षी वर्षावासाच्या तोंडावर आमच्या वस्तीतल्या विहाराची दुरुस्ती काढली. पत्रे बदलायचे होते, फरशी बसवायची होती. माळ्यावरून दोन गोणी जुने कागद निघाले. जयंतीची हँडबिले, वर्गणीची पावतीपुस्तके, पिवळी पडलेली मासिके आणि गाण्यांच्या चोपड्या. पाऊस डोक्यावर आला होता आणि बसून कागद निवडायला कुणालाच वेळ नव्हता. वजन एकतीस किलो भरले. चौदा रुपये किलोने रद्दीवाल्याला दिले आणि जमाखर्चाच्या वहीत नोंद केली : रद्दी विक्री, 434 रुपये.

आठ महिन्यांनी आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलाने मोबाइल पुढे केला. जुनी पुस्तके विकणाऱ्या एका ठिकाणी एका चोपडीचा फोटो होता. सोळा पाने, मुखपृष्ठावर निळ्या शाईत बाबासाहेबांचे चित्र. खाली लिहिले होते : दुर्मीळ, पहिली आवृत्ती, 1950 चे दशक. किंमत साडेचार हजार रुपये. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात आमच्या विहाराचा गोल शिक्का स्पष्ट दिसत होता. ज्या शाहिरांची ती चोपडी, ते आमच्याच गल्लीत राहून गेले. त्यांची सून आजही तिथेच राहते आणि चार घरची धुणीभांडी करते. शाहिरांचे नाव इथे देत नाही, कारण त्यांच्या घरावर उद्या दलालांची रांग लागायला नको.

आधी विकणाऱ्याचा संताप आला. मग जमाखर्चाची वही उघडली. 434 रुपयांच्या नोंदीखाली सही आमचीच होती. म्हणून या लेखात एक बोट त्यांच्याकडे आहे आणि उरलेली आमच्याकडे.

अलीकडे विद्रोही कवितेच्या पहिल्या आवृत्त्या जमवण्याचा शौक बराच वाढला आहे. नारायण सुर्व्यांचे ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (1962) आणि ‘माझे विद्यापीठ’ (1966), नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (1972), दया पवारांचा ‘कोंडवाडा’ (1974). यांची पहिली प्रत मिळाली की तिचा फोटो काढायचा, मित्रांत मिरवायचा, प्लास्टिकच्या वेष्टनात घालून कपाटात ठेवायचा. ज्या कवितेने कपाटे फोडायची भाषा केली, ती कुलूपबंद झाली. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ होत होता, त्यांच्या पुस्तकाला आता हातमोजे घालून हात लावतात. हातमोजे पुस्तकाच्या काळजीपोटी असतील, हे आम्हाला कळते. पण एवढी काळजी पुस्तक लिहिणाऱ्या माणसाच्या वाट्याला कधी आली होती का, हा प्रश्न विचारल्याशिवाय आम्हाला राहवत नाही.

पुस्तके जमवण्याला आमचा विरोध नाही. तसा विरोध आंबेडकरवाद्याला शोभणारही नाही. बाबासाहेब स्वतः जबरदस्त ग्रंथसंग्राहक होते. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना पोटाला चिमटा काढून त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ गोळा केले. 1917 मध्ये ते सामान घेऊन येणारी बोट महायुद्धात पाणतीराने बुडाली आणि पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. तरी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून जमवायला सुरुवात केली. दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह त्यांनी ग्रंथांसाठी जागा हवी म्हणून बांधले. पण त्या संग्रहातून ‘शूद्र पूर्वी कोण होते’ या प्रश्नाचे उत्तर निघाले, जातिव्यवस्थेची चिरफाड निघाली. त्यांच्यासाठी ग्रंथ हे शस्त्रागार होते. आजचा शौकीन त्याच शस्त्राला पॉलिश करून भिंतीवर टांगतो. फरक इथे आहे.

आता मूळ मुद्दा. आमच्या कवितेची पहिली आवृत्ती म्हणजे नेमके काय? बाजार म्हणतो, संग्रहाची पहिली छपाई. आम्ही म्हणतो, हे अर्धवट उत्तर आहे. वामनदादा कर्डकांनी 1943 च्या सुमारास गीते लिहायला सुरुवात केली आणि त्यांचा ‘वाटचाल’ हा संग्रह आला 1973 मध्ये. मधल्या तीस वर्षांत त्यांची कविता कुठे होती? ती गळ्यात होती, गावोगावच्या सभांत होती आणि हातोहात जाणाऱ्या कागदांवर होती. भीमराव कर्डकांच्या आणि त्यांच्यासारख्या अनेकांच्या आंबेडकरी जलशांचेही तेच. आपल्या भाषणांपेक्षा एक जलसा भारी, अशा अर्थाचे बाबासाहेब बोलल्याचे आजही सांगितले जाते. लाल बावटा कलापथकातले अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांचे पोवाडे आणि लावण्याही गिरणगावात अशाच पसरल्या, आणि त्या पथकाच्या कार्यक्रमांवर सरकारने बंदी आणली ती काही कवितासंग्रह वाचून नव्हे.

म्हणजे ज्याला मराठी साहित्याचा इतिहास ‘दलित कवितेचा उदय’ म्हणून साठ-सत्तरच्या दशकात ठेवतो, त्याच्या आधीची दोन-तीन दशके चोपड्यांत आहेत. शाहीर स्वतःच्या खिशातून, नाहीतर मंडळाच्या वर्गणीतून एखाद्या छोट्या छापखान्यात सोळा पाने छापून घ्यायचा. कार्यक्रम संपला की पेटीजवळ बसून आणा-दोन आण्याला विकायचा. विकत घेणारा गिरणी कामगार, नाका कामगार, गावाकडचा शेतमजूर. ज्याला वाचता येत नव्हते तोही घ्यायचा आणि शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यायचा. ही आमच्या कवितेची पहिली आवृत्ती आहे. तिला पुठ्ठा नाही, मान्यवरांची प्रस्तावना नाही, अनेकदा छपाईचे सालही नाही.

कुणी विचारेल, गाणी तर नव्या पुस्तकांत आली आहेत, मग त्या जुन्या चोपडीचा एवढा सोस कशाला? याला उत्तर असे की गाणे नव्या पुस्तकात येते, पण पुरावा येत नाही.

समाजशास्त्र शिकताना आम्हाला साधने तपासायला शिकवले गेले. त्या नजरेने साल न छापलेली एक चोपडी हातात घ्या. किंमत आण्यांत छापली असेल तर ती बहुधा 1 एप्रिल 1957 च्या आधीची, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ असे छापले असेल तर त्यानंतरची, आणि 1964 मध्ये ‘नवे’ हा शब्द गळाला. गाण्यात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा जयजयकार असेल तर ती 1942 ते 1957 या काळातली. रिपब्लिकन पक्षाचे नाव असेल तर ऑक्टोबर 1957 नंतरची. छापखान्याच्या पत्त्यात नुसते ‘मुंबई 12’ असेल तर बहुधा 1972 च्या पिनकोडआधीची. सुरुवातीला गणपतीचा गण आहे, की तो काढून भीमवंदना घातली आहे, की थेट बुद्धवंदना आहे? याच एका पानावरून 14 ऑक्टोबर 1956 ची ती प्रचंड उलथापालथ एका शाहिराच्या मनात केव्हा सुरू झाली आणि कुठवर पोचली, हे दिसते. धम्मदीक्षेच्या आधीच कुणी देव सोडले होते, आणि दीक्षेनंतरही कुणाच्या गाण्यात जुने देव रेंगाळत होते? हा आपल्या समाजाचा अंतर्गत इतिहास आहे. तो कुठल्याही सरकारी दप्तरात नाही. तो त्या सोळा पानांत आहे.

नव्या आवृत्तीत काय होते? किंमत बदलते. छापखान्याचा पत्ता जातो. मलपृष्ठावरची ‘आमच्या येथे लग्नकार्यासाठी बँड मिळेल’ ही जाहिरात जाते, आणि तिच्याबरोबर त्या काळात चळवळीला पैसा कोण पुरवत होता याची खूणही जाते. शिवराळ ओळी गाळल्या जातात. ज्या स्थानिक पुढाऱ्यावर शाहिराने आसूड ओढला, त्याचा मुलगा आज नगरसेवक असतो, म्हणून ते कडवेच गायब होते. अर्पणपत्रिका गळते. अण्णा भाऊंनी ‘फकिरा’ (1959) ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ही गोष्ट आज आपण प्रत्येक वादात पुरावा म्हणून मांडतो. अण्णा भाऊ कुणाचे, लाल झेंड्याचे की निळ्या झेंड्याचे, असे भांडण लागले की ते एक पान कामाला येते. आता विचार करा, अशी किती पाने आपण चौदा रुपये किलोने घातली असतील?

दुसऱ्या बाजूला पाहा. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ 1942 मध्ये वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेऊन, प्रस्तावना लिहून प्रकाशित केला. तीही राजकीय कविताच होती, स्वातंत्र्यलढ्याची. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (1947) वर खटला झाला, तर त्या खटल्यासह त्या पुस्तकाचा इतिहास जपला गेला. या कवींच्या पहिल्या आवृत्त्या पाहायच्या असतील तर अभ्यासकाला ग्रंथालयाचा रस्ता सापडतो. त्यांच्या एकेका शब्दाच्या पाठभेदावर प्रबंध होतात. आम्ही त्याबद्दल तक्रार करत नाही, ते व्हायलाच हवे. पण ज्या शाहिराच्या गाण्यावर पन्नास हजारांची सभा उभी राहिली, त्याचा पाठभेद कुणी पाहायचा आणि कशावरून पाहायचा? पिएर बोर्दिओ ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते हेच. कुठले कागद ‘साहित्य’ आणि कुठले ‘रद्दी’, हे ठरवण्याची सत्ता ज्याच्या हाती, वारसा त्याचा. कालपर्यंत त्यांनी आमच्या चोपडीला रद्दी म्हटले, तेव्हा आम्हीही तिला रद्दी मानले. आज त्यांनी तिला दुर्मीळ म्हटले, तेव्हा आम्ही दचकून जागे झालो. दोन्ही वेळा किंमत ठरवणारे आम्ही नव्हतोच. खरा पराभव इथे आहे.

संग्राहक मित्र यावर म्हणतील, आम्ही नसतो तर हे सारे वाळवीने खाल्ले असते. हे खरे आहे आणि आम्ही ते मान्य करतो. रद्दीच्या ढिगातून चोपडी ओळखून बाजूला काढणाऱ्या नजरेला आमचा सलाम. काही संग्राहकांनी अभ्यासकांना घरी बोलावून, चहा पाजून, पाहिजे ते पान पाहू दिले आहे, हेही आम्हाला माहीत आहे. आमचे भांडण वाचवण्याशी नाही, दडवण्याशी आहे. जो वाचवतो आणि दाखवतो तो आमचा सहकारी. जो वाचवतो आणि ‘माझ्याशिवाय कुणाकडेच नाही’ म्हणून मिशीला पीळ देतो, तो गावकुसाबाहेरची विहीर विकत घेऊन तिलाच कुंपण घालणारा. महाडच्या तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी अशा कुंपणापुढे गप्प बसायचे का?

मग सरकार? 1954 चा कायदा सांगतो की प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या एशियाटिकमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी काही नेमलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवावी. पण पेटीच्या पैशातून सोळा पाने छापणाऱ्या शाहिराला हा कायदा कोण सांगायला गेले होते? आणि त्याच्याकडे टपालखर्च होता का? जिथे खुद्द बाबासाहेबांच्या ग्रंथांची कथा काय, तर महानिर्वाणानंतर तेवीस वर्षांनी, 1979 मध्ये, महाराष्ट्र शासनाने पहिला खंड काढला. त्यातही वसंत मून यांच्यासारख्या माणसाने हस्तलिखितांसाठी हाडाची काडे केली म्हणून खंडांची मालिका उभी राहिली. पुढे त्या खंडांची छपाई एवढी रखडली की डिसेंबर 2021 मध्ये वर्तमानपत्रातल्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांच्या बाबतीत जे सरकार असे वागते, ते गल्लीतल्या शाहिराची चोपडी शोधत येईल या भ्रमात आपण राहू नये.

आता ते उरलेले बोट. बांधवहो, थोडे कडू बोलतो, पण घरात बोलतो. आपण पुस्तक विकत घेणारा समाज आहोत. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर जी गर्दी असते, ती पाहून बाहेरचे थक्क होतात. याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. पण विकत घेणे आणि जपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जयंतीच्या डीजेसाठी आपल्याकडे लाखाची वर्गणी जमते. विहाराला संगमरवरी फरशी बसते, दात्यांच्या नावांची पाटी लागते. त्याच विहारात एक लोखंडी कपाट नसते. शाहिराच्या निधनावर आपण शोकसभा घेतो, फोटोला हार घालतो, आणि तेराव्याला नाही म्हणणारे आपण, तेराव्या दिवशी त्याची ट्रंक मात्र रिकामी करून देतो. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे जुने कागद ठेवायला जागा नसते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून दोष त्या घराचा नाही. विहार कशासाठी आहे? प्राचीन काळी नालंदा हा विहारच होता आणि त्याचे ग्रंथालय जगाला माहीत होते. आपल्या विहारात चटया आणि लाउडस्पीकर ठेवायला जागा होते, मग एका कपाटाला का होत नाही?

आम्ही आता जे सुरू केले आहे ते सांगतो. त्यात मोठेपणा नाही, उशिरा सुचलेले शहाणपण आहे. विहारात एक लोखंडी कपाट घेतले, भिंतीपासून वीतभर सोडून आणि विटांवर ठेवले, म्हणजे ओल लागत नाही. एक नोंदवही केली. तिच्यात चोपडीचे नाव, कवी, छापखाना, किंमत, पाने आणि ती कुणाच्या घरून आली हे लिहितो. चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन करायचे नाही, स्टेपलरची पिन मारायची नाही. शिक्काही मारायचा नाही, पेन्सिलीने मागच्या पानावर क्रमांक लिहायचा. प्रत्येक पानाचा, मलपृष्ठावरच्या जाहिरातीसकट, मोबाइलवर फोटो काढायचा. ज्या घराला मूळ प्रत द्यायची नसेल त्यांच्याकडून ती घ्यायची नाही. फोटो घ्यायचा आणि प्रत सन्मानाने परत द्यायची.

कायद्याचे भानही ठेवायला हवे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे असतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे असलेल्या छापील प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. पण ती सगळीकडे वाटायची असेल तर वारसांना विचारावे लागेल, आणि विचारायलाच हवे. ज्या शाहिराच्या सुनेला एका प्रतीच्या साडेचार हजारांतले चार आणेही मिळाले नाहीत, तिला विचारल्याशिवाय तिच्या सासऱ्याची गाणी वाटणारे आपण तरी वेगळे कसे ठरू?

संग्राहकांना आमचे जाहीर आवाहन आहे : तुमच्याकडे काय आहे त्याची यादी जाहीर करा, आणि पानांचे फोटो घेऊ द्या. पुस्तक तुमचेच राहील, तुमचा शौकही राहील. कागद तुमचा असेल, पण त्यावरचा इतिहास एकट्याचा नाही. आणि विद्यापीठांतल्या मराठी व समाजशास्त्र विभागांना आवाहन : दरवर्षी त्याच पाच कवींवर प्रबंध करण्याऐवजी दोन विद्यार्थी एका वस्तीत पाठवा. साधने अजून पत्र्याच्या ट्रंकांत आहेत, पण फार दिवस राहणार नाहीत.

फोटोतली ती चोपडी परत मिळाली नाही. विकणाऱ्याला फोन केला तेव्हा ती गेलेली होती. कुणाकडे, ते त्याने सांगितले नाही. मग आम्ही शाहिरांच्या सुनेकडे गेलो आणि आमची चूक तिला सांगितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने कॉटखालची ट्रंक ओढली आणि नातवाच्या दाखल्यांच्या पिशवीतून एक चोपडी काढली. तीच चोपडी, दुसरी प्रत. आत तीन ठिकाणी पेन्सिलीने ओळी खोडून वर नव्या लिहिलेल्या, शाहिरांच्या हातच्या. “छापणाऱ्यानं चुकीचं छापलं होतं. मामा गायचे ते असं,” असे म्हणून तिने एक कडवे गाऊन दाखवले. ती प्रत तिने दिली नाही, आणि आम्ही मागितलीही नाही. तिच्या दारातल्या उजेडात सोळा पानांचे फोटो काढले.

नोंदवहीतली ती पहिली नोंद आहे. मालकाच्या रकान्यात तिचे नाव आहे. तुमच्या विहाराच्या माळ्यावर काय आहे, ते पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा बघा.

जयभीम.